लंडनकरांचा जिन

लंडनकर कधीही लंडनला गेले नव्हते. मस्कत, मुंबई आणि दापोली तालुक्यातलं खाडीकाठचं त्यांचं गाव, यापलीकडे त्यांनी जग पाहिलेलं नव्हतं. तरीही मस्कतच्या गाला या औद्योगिक भागातल्या त्यांच्या रेडिएटर दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये, मे महिन्याच्या दुपारी, वरचा पत्रा तापून नुसता रटरटत असताना, हा माणूस चहाचा पेला हातात धरून अगदी सहज म्हणायचा, "आज तिकडं धुकं असंल. बंदरावर दिवे लावायला बंदी. बायका चाचपडत घरी जातील." तिकडं म्हणजे इंग्लंडात. तेही आजच्या नव्हे, दुसऱ्या महायुद्धातल्या, रोज बॉम्ब पडणाऱ्या इंग्लंडात. त्यांचं अर्धं लक्ष कायम तिकडे लागलेलं असायचं, आणि उरलेल्या अर्ध्या लक्षात ते सगळ्या गालात उत्तम रेडिएटर दुरुस्त करायचे.

खरं म्हणजे त्यांना लिव्हरपूलकर म्हणायला हवं होतं, कारण त्यांच्या गोष्टीतलं बंदर लिव्हरपूलचं. पण शेजारच्या टायरवाल्या पठाणापासून समोरच्या मल्याळी चहावाल्यापर्यंत सगळ्यांनी त्यांना 'लंडन' करून टाकलं होतं. "लिव्हरपूल बोलून तोंड दुखंल त्यांचं," असं म्हणून त्यांनीही ते मान्य केलं होतं. त्याला 'कर' मी जोडला. त्यावर ते भलतेच खूश झाले. कोकणातल्या माणसाला कुठला तरी 'कर' असल्याशिवाय शोभा नाही, असं त्यांचं मत होतं. समोरासमोर मात्र मी त्यांना चाचा म्हणायची आणि ते मला बाय.

आमची गाठ घालून दिली माझ्या गाडीने. मी एका सल्लागार कंपनीत सिव्हिल इंजिनिअर आहे. लोकांच्या कामातल्या चुका शोधणं हा माझा पेशा, आणि माझ्या नवऱ्याच्या मते स्वभावही. एका सकाळी साइटवर जाताना बॉनेटमधून वाफा यायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, लंडनकडे न्या. लंडनकरांनी रेडिएटरच्या टोपणावर ओलं पोतं टाकलं, वाफ जाऊ दिली, आणि मागच्या सीटवर पडलेला दिवाळी अंक बघून गाडीबद्दल एक अक्षर न काढता विचारलं, "बाय, मराठी टायपिंग येतं काय?"

मला वाटलं, कसला तरी अर्ज करायचा असेल. मी तसं विचारलं तर ते दुखावल्यासारखे दिसले. "अर्ज कसला? कादंबरी हाय," म्हणाले. गालात सकाळपासून संध्याकाळपर्यंत ग्राइंडर आणि हातोडे यांच्याशिवाय काही ऐकू येत नाही. तिथे ग्रीसने माखलेल्या माणसाच्या तोंडून 'कादंबरी' हा शब्द ऐकल्यावर मी जागची हलले नाही. गाडी लगेच तयार झाली. मी निघाले दुपार कलल्यावर, आणि त्या दिवशीची साइट बुडाली ती बुडालीच.

गोष्ट अशी होती. ओमानच्या आतल्या भागात बाहला नावाचं गाव आहे, मातीच्या किल्ल्याचं आणि कुंभारांचं. तिथे जिनांची वस्ती आहे, असं ओमानी माणूस हसत हसत पण थोडं जपूनच सांगतो. या बाहलाच्या जिनांनी आपल्यातल्या एकाला बिरादरीबाहेर काढलं. तो बिचारा मस्कतलगतच्या मत्रह बंदरावर आला आणि पाणी भरायला थांबलेल्या एका इंग्रज बोटीच्या बॉयलरमध्ये शिरला, कारण जिन आगीचा, त्याला झोप लागणार ती आगीतच. त्या बोटीवर कोकणातला हसन नावाचा आगवाला होता. भट्टीत कोळसा टाकणाऱ्या खलाशाला तेव्हा आगवाला म्हणत. एक दिवस हसनला भट्टीतून आवाज आला, "अर्बाब, कोळसा ओला आहे." अर्बाब म्हणजे मालक. तिथून दोघांची दोस्ती जमली. बोट लिव्हरपूलला लागली. तिथे आकाशातून बॉम्ब पडत होते, गल्ल्याच्या गल्ल्या पेटत होत्या. हसनचा जिन बाहेर पडला आणि त्या आगी गिळत सुटला. प्रत्येक आग पोटात गेली की तो थोडा जड व्हायचा, थोडा म्हातारा व्हायचा.

मी म्हटलं, "चाचा, गोष्ट झकास आहे. पण लिहायची कशासाठी?"

त्यांनी हात पुसले. "माझा आजा आगवाला व्हता," म्हणाले. "लढाईत बोटीवर गेला तो आलाच नाय. बोट बुडाली असं लोक बोलले. कागद नाय, पत्र नाय, मय्यत नाय."

त्यांच्या घरी दर शबे-बरातला मौलवी येऊन फातिहा पढायचे आणि घरातल्या गेलेल्या सगळ्या माणसांची नावं घ्यायचे. आज्याचं नाव त्यात कधीच आलं नव्हतं. आधी आजीने घेऊ दिलं नाही, आणि ती गेल्यावर तिच्या लेकीने, म्हणजे लंडनकरांच्या आईने, तोच हट्ट पुढे चालवला. बाप बोटीवर गेला तेव्हा ही अम्मा जेमतेम चालायला लागली होती. आता पंच्याऐंशी ओलांडली तरी तिचं म्हणणं एकच: बातमी नाही, तर माणूस मेला असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

"माझा आजा मेलेल्यांत पण नाय न् जित्यांत पण नाय," लंडनकर म्हणाले. "अम्मा असेपर्यंत तिनं आपल्या तोंडानं सांगायला पाहिजे, त्याचं नाव घ्या म्हणून. मी सांगून ती ऐकायची नाय. गोष्ट ऐकंल."

एवढं ऐकल्यावर नाही म्हणायची माझी काय बिशाद होती? पण एक पंचाईत होती. आम्ही नागपूरकडचे, बौद्ध. आमच्या घरात भूतखेत, मुहूर्त, उतारे असल्या गोष्टींना दारातही उभं राहू दिलं जात नसे. लहानपणी मी अंधाराला घाबरले तर वडील टॉर्च घेऊन यायचे आणि अख्खी खोली तपासायला लावायचे. असल्या घरातली मुलगी परदेशात येऊन जिनाचे संवाद टाइप करत बसली हे त्यांना कळलं असतं तर त्यांनी पुन्हा टॉर्च पाठवला असता. मी लंडनकरांना हे सांगितलं. ते म्हणाले, "तू नको मानू. हसनपण पयल्यांदा कुठं मानत व्हता?"

आमची कामाची पद्धत कुणाही लेखकाला वेड लावील अशी होती. लंडनकर दर गुरुवारी दुरुस्त केलेले ट्रकचे रेडिएटर पिकअपमध्ये घालून इब्रीला पोचवायला जायचे. तो लांबचा रस्ता, डोंगर, मग माळ आणि मग नुसता रस्ता. त्या रस्त्यावर त्यांना कादंबरी सुचायची. मोबाइल समोर अडकवून, कानात वायर घालून ते बोलत सुटायचे आणि मला एकामागून एक व्हॉइस मेसेज येऊन पडायचे. मी घरी बसून ते टाइप करायची. शुक्रवारी सुट्टीच्या सकाळी मी ते प्रकरण फोनवरून गावाकडे अम्माला वाचून दाखवायची, आणि तिथे भाभी, म्हणजे लंडनकरांची बायको, अम्माच्या कानाशी फोन धरून बसायची. लंडनकर स्वतः का वाचत नाहीत, असं मी विचारलं होतं. "मी वाचलं तर ती गोष्ट ऐकत नाय," ते म्हणाले. "मधीच इचारते, जेवलास काय, खोकला कशानं झाला."

प्रवासात एक नियम होता. बाहला गाव आलं की मेसेज बंद. गाव मागे पडून पुरेसं अंतर गेलं की पुन्हा सुरू, मग भले वाक्य अर्ध्यात तुटलेलं असो. याचं कारण त्यांनी मला अगदी गंभीरपणे सांगितलं: "त्यांच्या गावातनं जाताना त्यांच्याच माणसाबद्दल बोलायचं बरं दिसत नाय. चुगली केल्यासारखं वाटतं." इतकंच नव्हे, तर ज्या म्हाताऱ्या ओमानी अर्बाबच्या नावावर वर्कशॉपचं लायसन होतं, त्याचीही परवानगी त्यांनी घेतली होती. अर्बाबने सगळी गोष्ट ऐकून घेतली आणि एकच अट घातली, की आमचा जिन परमुलखात चालला आहे तर त्याची अब्रू राख. तेव्हापासून लंडनकरांचा जिन कधी चोरी करत नाही आणि कधी खोटं बोलत नाही. मी एकदा सोयीसाठी त्याच्या तोंडी एक लहानशी थाप घातली, तर ती त्यांनी काढायला लावली.

ऐन रंगात आलेलं वर्णन रस्त्यातल्या गोष्टींनी तुटायचं, त्याला इलाज नव्हता. "न् हसन ओरडला, अरे त्या चर्चची आग खाऊ नको, छपराचं शिसं वितळलंय त्यात, पोट दुखंल तुझं... यल्ला यल्ला, जा बाबा तू पुढं..." असं सगळं एका दमात यायचं. मी गाळून गाळून टाइप करायची. एकदा मात्र फसले. हसनच्या घरमालकिणीचं, मार्गरेटबायचं घर पेटलेलं, जिन गल्लीच्या तोंडाशी आलेला, मी स्वतः श्वास रोखून टाइप करतेय, आणि त्यात "थांब, उंट आला" हेही टाइप झालं. शुक्रवारी तसंच वाचलंही. मग अम्मा म्हणाली, "बघ, मुक्या जनावराला पण कळलं आग लागली ते."

मी सॉरी म्हणून तो उंट काढायला गेले तर अम्मा हटून बसली. उंट राहू दे. म्हणून लंडनकरांच्या कादंबरीत लिव्हरपूलच्या जळत्या गल्लीत एक उंट उभा आहे आणि तो पुढे दोन प्रकरणं गाजवतो. पुढे आम्ही तोवर लिहून झालेला भाग एका प्रकाशकाला पाठवला. त्याने कळवलं, बाकी बरं आहे पण उंट काढा. लंडनकर म्हणाले, "त्याला सांग, उंट माझ्या अम्माचा हाय." प्रकरण तिथेच मिटलं.

त्यांचं इंग्लंड हा एक स्वतंत्रच देश होता. मार्गरेटबाय ही हसनला खोली देणारी म्हातारी मडमीण. ती उंबऱ्याबाहेर चपला काढायला लावायची, आल्यागेल्याला चहा घेतल्याशिवाय सोडायची नाही, आणि तिच्या परसात कोंबड्या होत्या. रेशनवर तांदूळ कमी मिळतो म्हणून ती कपाळाला हात लावायची. मी म्हटलं, "चाचा, तिकडे भात नाही खात. पाव, बटाटे." बटाटे त्यांनी घेतले. चपलांवरून मात्र आमचं जुंपलं. मी म्हणे, थंडीत कोण चपला काढेल? ते म्हणत, म्हातारीचं घर हाय, म्हातारी सांगंल तसं. शेवटी मार्गरेटबाय बूट काढायला लावते पण आत घालायला लोकरीचे मोजे देते, अशी तडजोड झाली. अजूनही मला वाटतं, तशी एखादी म्हातारी लिव्हरपूलला असणारच.

ही माहिती त्यांना आली कुठून? तर गावातून. त्यांच्या लहानपणी बोटींवरून परतलेले बरेच म्हातारे खाडीच्या धक्क्यावर बसलेले असत आणि प्रत्येकाकडे एकेक बंदर होतं. कुणाकडे मोंबासा, कुणाकडे रंगून. ज्याच्याकडे लिव्हरपूल होतं त्याच्या पायाशी हे जाऊन बसत, कारण आज्याची बोट तिकडे जायची. त्या म्हाताऱ्याला विड्या लागायच्या. लंडनकर त्या आणून द्यायचे आणि बदल्यात एकेक गल्ली घ्यायचे. पुढे म्हातारा वारला, गल्ल्या यांच्याकडे राहिल्या.

गोष्ट सांगायला त्यांना जागेचं बंधन नव्हतं. आमच्या मंडळाच्या बुद्धपौर्णिमेला मी त्यांना बोलावलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून, भलंमोठं कलिंगड घेऊन आले, वंदना चालू असताना शेवटच्या रांगेत हात जोडून बसले, आणि जेवणाच्या वेळी मुलांना घेरून जिनाची गोष्ट सांगू लागले. आमची मुलं आपसात इंग्रजी बोलतात, मराठीत अडखळतात, पण तेव्हा एकही जागचं उठेना. मंडळाचे एक ज्येष्ठ माझ्याकडे डोळे वटारून बघायला लागले. लंडनकरांनी ते टिपलं आणि त्यांना म्हणाले, "साहेब, घाबरू नका. हा जिन माणसानं बनवलेला हाय. मीच बनवला." साहेब हसले आणि तेही ऐकायला बसले.

अशी गाडी सुरळीत चालली होती ती परतीच्या प्रवासापर्यंत. लिव्हरपूलहून निघालेल्या बोटीवर पाणबुडीचा हल्ला होतो, इथपर्यंत लंडनकर आले आणि थांबले. गुरुवारी मेसेज यायचे, पण त्यात पितळेचे भाव, इब्रीतल्या दुकानदाराची सून, वाऱ्याचा आवाज, असलं काहीही असायचं. कादंबरी नसायची. शुक्रवारी अम्मा विचारायची, "पुढं?" आणि मी जुनंच प्रकरण पुन्हा वाचायची. अम्माला ते कळत होतं. ती नाइलाजाने ऐकून घ्यायची.

मग मी वर्कशॉपवर जाऊन थडकले. म्हटलं, "यात अडण्यासारखं काय आहे? जिन आहे ना तुमच्याकडे? उचलू दे त्याला हसनला आणि आणून सोडू दे खाडीत."

"नाय जमत. पाण्यावर जिनाचं काय चालत नाय. पयल्या प्रकरणात सांगितलंय. तूच टाइप केलंस."

"नियम तुम्हीच घातलात. तुम्हीच काढा."

"प्रेशरचा काटा हातानं फिरवला म्हणून बॉयलर थंड व्हतो काय?"

"इथे बॉयलर कुठे आहे, चाचा? कादंबरी आहे."

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "न् आणला त्याला घरी, तर अम्मा काय करंल? आता ती सांजेला दार लोटून ठेवते. मंग उघडंच ठेवंल."

जिनावर काडीचा विश्वास नसलेली मी चमत्कार मागत होते, आणि जिनाच्या गावातून जाताना तोंड मिटून बसणारा माणूस मला नियम शिकवत होता. मला राग आला होता, पण त्यांचं म्हणणं पटलंही होतं. हसनने घरी येऊन चालणार नव्हतं. आणि लंडनकरांच्या हातून तो बुडतही नव्हता. "जलमभर भट्टीपुढं उभा राह्यलेला माणूस," ते म्हणायचे, "त्याला त्या बर्फाच्या पाण्यात मी कसा सोडू?"

त्याच सुमाराला अम्मा आजारी पडली. दम लागायचा. तालुक्याच्या दवाखान्यात ठेवलं, बरं वाटलं म्हणून घरी आणलं, पण भाभी फोनवर आता दबक्या आवाजात बोलायला लागली होती. शबे-बरात महिन्यावर आली होती. लंडनकर म्हणाले, "या खेपेला नाव आलं नाय तर..." त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा मला भीती दिसली. मला ते बघवेना.

पुढच्याच आठवड्यात तो अडलेला शेवट जमला. दुपारची बंद व्हायची वेळ होती, शटर अर्धं ओढलेलं. मी ऑफिसातून चहाला म्हणून गेले होते. लंडनकरांनी एका ट्रकच्या रेडिएटरला नुकताच डाख दिला होता. गळती तपासायला तो पाण्याच्या हौदात बुडवतात आणि आत हवा भरतात. कुठून बुडबुडे येतात ते बघायचं. रेडिएटर अजून चांगलाच गरम होता. त्यांनी तो हौदात सोडला, बुडबुडे आले नाहीत, काम चोख झालं होतं. तरी ते पाण्यात हात घालून तसेच वाकून राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाय, लॅपटॉप हाय काय संगती?"

मी टायरच्या ढिगावर बसून टाइप केलं. ते हौदाकडे तोंड करून बोलत होते. बोट फुटली. डेकवर आग होती, जिनाला वाटलं असतं तर त्या आगीतून तो आकाशात निघून गेला असता. तो गेला नाही. तो खाली पाण्यात, हसनपाशी आला. पाण्यात जिनाला माणूस उचलता येत नाही, हा नियम होता. पण पोटातली आग बाहेर सोडायला कुठलाच नियम आड येत नव्हता. लिव्हरपूलला गिळलेल्या सगळ्या आगी तो एकेक करून सोडत गेला. बेकरीची आग. चर्चची आग. मार्गरेटबायच्या घराची आग. हसनच्या भोवतालचं पाणी कोमट झालं, भर दुपारी गावच्या खाडीचं असतं तेवढं. हसनने डोळे मिटून विचारलं, "घर आलं काय?" जिन खोटं बोलत नव्हता, म्हणून तो काहीच बोलला नाही. त्याने उरलेली शेवटची आग सोडली, आणि दोघंही शांत झाले.

मी रडले. टायरवाला पठाण शटरखालून वाकून बघून गेला, त्याला वाटलं बिल जास्त झालं.

त्या शुक्रवारी लंडनकर आमच्या घरी आले. सोफ्याच्या अगदी कडेला बसले, चहा गार होऊ दिला. मी फोन स्पीकरवर टाकला आणि शेवटचं प्रकरण वाचलं. कधी नव्हे ती अम्मा मध्ये एकदाही बोलली नाही. वाचून झालं तरी तिकडून आवाज येईना. भाभी म्हणाली, "जाग्या हायत. ऐकतायत."

मग अम्माने विचारलं, "बाय, हसन गेला?"

"हो अम्मा."

"न् जिन?"

"तोही विझला."

"तिथं तिसरं कोण व्हतं?"

"कुणी नाही, अम्मा. दोघंच."

"मंग ही गोष्ट माझ्या पोराला सांगितली कुणी?"

चुका शोधण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, असा माझा लौकिक. सगळी कादंबरी माझ्या बोटांखालून गेलेली, आणि हे मला सुचलं नव्हतं. मी लंडनकरांकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली होती. मी म्हणू शकले असते की अम्मा, ही रचलेली गोष्ट आहे, हे सगळं तुमच्या मुलाच्या डोक्यातलं.

"म्हंजे बा येऊन गेला," अम्मा म्हणाली. तिला दम लागत होता, तरी सावकाश, एकेक शब्द नीट लावून बोलत होती. "मला गाठ पडली नाय. पोराला सांगून गेला. व्हय ना, बाय?"

"हो अम्मा," मी म्हटलं. "येऊन गेले." आजही कुणी विचारलं तरी मी हेच उत्तर देईन.

"मंग शबे-बरातला नाव घ्यायला सांगा मौलवीला," अम्मा म्हणाली. "पण हसन बोलू नका. हसन त्या गोष्टीत. माझ्या बापाचं नाव याकूब."

आम्हा दोघांना वाटत होतं, आम्ही तिला ताकास तूर लागू दिलेली नाही. ती पहिल्या शुक्रवारपासून आपल्या बापाची गोष्ट ऐकत होती. लंडनकर उठून बाल्कनीत गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत. माझ्या नवऱ्याने दुसरा चहा केला आणि तो त्यांना तिथेच नेऊन दिला.

त्यानंतर त्यांनी ओमान सोडायला फार वेळ लावला नाही. तशी निघायची वेळ आलीच होती, अम्माजवळ राहायचं होतं. वर्कशॉप पठाणाने घेतलं, अर्बाबने व्हिसा रद्द करून दिला आणि मिठी मारून निरोप दिला. मी विमानतळावर सोडायला गेले. लंडनकर म्हणाले, "खलास, बाय. आता नवीन काय लिवायचं नाय. एवढं एक नाव तेवढं बदल." मी हो म्हटलं. गालात आता कुणी मला बाय म्हणत नाही. गाडी तापली तर पठाण चांगली दुरुस्त करतो, पण मला तिथे फार वेळ थांबवत नाही.

घरी येऊन मी सगळ्या कादंबरीत हसनच्या जागी याकूब केलं.

शबे-बरातच्या संध्याकाळी मला गावाहून एक मेसेज आला. आधी भांड्यांचा आवाज, माणसं सरकून बसल्याचा आवाज, मग मौलवी. ते एकामागून एक नावं घेत होते: अम्माच्या आईचं, लंडनकरांच्या वडिलांचं, लहानपणीच गेलेल्या एका बहिणीचं. मग ते थांबले, कुणाला तरी काही विचारलं, आणि म्हणाले, याकूब. त्यावर घरातले सगळे आमीन म्हणाले. त्यात अम्माचा आवाज सगळ्यांत मोठा होता.